निळ्या टोपीची चौकी आणि गच्चीवरील कुरडयांचा तह

श्रीगोदामाईच्या कृपेने नाशिक नगरीत, इंदिरानगर परगण्यात, सप्तशृंग दर्शन नामे चार मजली इमारत उभी आहे, जेथून सप्तशृंग गडाचे दर्शन आकाश निरभ्र असताही होत नाही. त्या इमारतीचे गच्चीवर कुरडया आणि मिरच्या यांचे कारणे जे युद्ध पेटले, आणि संयुक्त बिऱ्हाडसंघाचे राज्य कैसे खचले आणि मग कैसे सावरले, त्याची हकिकत पुसाल तर ती ऐशी. जगात मोठमोठे संघ आहेत, त्यांचे दरबार समुद्रापार भरतात, तेथे मुलखोमुलखीची निशाणे फडकतात, आणि तेथील कारभार लिहिणारे बहुत. गच्चीचा कारभार लिहिणारा कोणी नाही. सबब येथे लिहिला आहे. जे घडले ते लिहिले, आणि जे थोडे वाढविले ते मिरचीपुरते.

चैत्र सरत आला होता, उन्हे चढली होती, आणि तमाम बिऱ्हाडांनी वाळवणाची मोहीम मांडिली होती. राजश्री धोंडीराम सर, निफाडास कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त जाहलेले, बिऱ्हाडसंघाचे संस्थापक आणि तहहयात महासचिव, दुसरा चहा घेऊन खासे गच्चीवर चौकीस दाखल जाहले. मस्तकी निळी टोपी, मूळची कोण्या ट्रॅक्टर कंपनीची, कंपनीचे नाव उन्हाने उडाले आणि निळेपण मात्र राहिले. हाती वेळूची काठी, टोकास काळे फडके, कावळ्यांवर जरब बसावी म्हणोन. सरांचा दंडक ऐसा की शांतिसेनेने काठी उगारावी, चालवू नये. हा दंडक माणसांस लागू आणि कावळ्यांसही लागू, आणि कावळ्यांस तो लवकरच ठाऊक जाहला, आणि मग ते काठीच्या लांबीपलीकडे वीतभर सरकून बसू लागले आणि तेथून सरांकडे पाहू लागले. सरांसोबत कन्या स्नेहल, कॉलेजच्या ग्रंथालयात कामास, बहुत वाचलेली आणि थोडे बोलणारी. आईसाहेब पूर्वीच निवर्तल्या, त्याउपरि घरी बापलेक दोघेच.

हा संघ कैसा उपजला, तेही सांगणे अगत्याचे. इमारत नवी असता पहिल्याच उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरील चंद्रभागाबाई आणि दुसऱ्या मजल्यावरील नवसाबाई यांजमध्ये गच्चीच्या मुलखावरून वैर पडले. चंद्रभागाबाई बागलाणातील नामपूरच्या, कांदा बाजारातील लिलावाच्या बोली ऐकत वाढलेल्या, त्यांचा आवाज जिना न उतरता खालच्या मजल्यास पोहोचे. त्यांचे वाळवण मिरचीचे. नवसाबाई निफाडकडील द्राक्षबागायतदारांच्या, त्यांचे वाळवण कुरडयांचे, ऐशा शुभ्र की पाहणाराने जाई उमलली म्हणावे. दोघींनी गच्ची मागितली आणि दोघींनी सगळी मागितली. तेव्हा सरांनी जगाचा संघ नजरेसमोर ठेवून बिऱ्हाडांचा संघ बांधिला, आणि इमारतीत प्रथम राहावयास आलेल्या पाच आद्य बिऱ्हाडांस कायमचे आसन आणि नकाराधिकार दिला. एक चंद्रभागाबाई, एक नवसाबाई, एक स्वतः सर, एक चौथ्या मजल्याचे गोरक्षराव, जे कोणत्याही प्रश्नी तटस्थ राहात, आणि एक राज, जे अमेरिकेत राहात, त्यांचे बिऱ्हाडास कुलूप असे, परंतु तिकडे उजाडले की इकडच्या ठरावास व्हॉट्सअॅपवर त्यांचा नकार दाखल होई. पाचांपैकी एकाने नाही म्हटले की ठराव जागीच मेला. ऐसे कित्येक ठराव मेले.

स्नेहलने एकदा पुसले होते, "नाना, ज्यांचं भांडण, नकार त्यांच्याच हातात. मग उरलं काय?"

"खुर्च्या उरल्या," सर वदले. "नकार दिला नसता तर त्या दोघी आल्याच नसत्या. आता नाही म्हणायला का होईना, येतात, बसतात. बसलेला माणूस उभ्या माणसाइतका भांडत नाही."

"जगातही असंच चालतं?"

"जगात खुर्च्या बऱ्या असतात."

असो. त्या दिवशी दोन प्रहरी पश्चिमेचा वारा अकस्मात सुटला, आणि चंद्रभागाबाईंच्या कुटाव्या म्हणून उन्हात घातलेल्या लाल मिरच्यांनी आपला मुलूख सोडून कूच केले, आणि त्यांची साले आणि बिया नवसाबाईंच्या ओल्या कुरडयांवर जाऊन पडल्या, आणि जाईचा मळा गुलाबी जाहला. नवसाबाई जिन्यातून वर आल्या त्या पदर खोचूनच.

"वारा काय मन्हा नवकर शे?" चंद्रभागाबाईंनी आधीच मोर्चा बांधिला.

"वारा तुमचा नसंल, मिरची तर तुमचीच हाय ना? आता पाहुण्यांना काय सांगू, कुरडया कुंकू लावून तळल्यात म्हणू?"

गोरक्षराव वर आले होते, त्यांस दोन्ही पक्षांनी साक्षीस ओढिले. ते म्हणाले, दोघींचंही बरोबर आहे. मग दोघींची मुद्रा पाहून म्हणाले, तसं दोघींचं थोडं चुकलंय पण.

सरांनी खुर्च्या मांडविल्या. प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्या, दरबाराचे वेळी गच्चीवर येत आणि एरवी सरांच्या दिवाणखान्यात एकात एक घालून उभ्या असत. प्रत्येकाचे आसन नेमस्त होते. चहा जाहला. मग मिरचीची निंदा करणारा ठराव आला, तो चंद्रभागाबाईंनी मारिला. मग कुरडयांनी जपून बसावे ऐसा ठराव आला, तो नवसाबाईंनी मारिला. मग सरांनी बहुत विचार करून तिसरा मसुदा काढिला की संयुक्त बिऱ्हाडसंघास पश्चिमेच्या वाऱ्याविषयी गंभीर चिंता वाटते. वाऱ्याचा पक्ष घेणारे दरबारात कोणी नव्हते. राज निजले होते. ठराव एकमताने मंजूर जाहला, गोरक्षराव तेवढे तटस्थ राहिले. मग सरांनी खडू घेऊन गच्चीच्या मधोमध दोन रेघा ओढिल्या आणि त्यांचे मध्ये हातभर रुंद पट्टी राखिली, जी कोणाचीच नव्हे. तेथे काही वाळत घालू नये, तेथे चौकीने उभे राहावे.

सांजेस निळी टोपी जिन्याच्या माथ्यावर, गच्चीच्या दारापलीकडे, खुंटीस लागली. सर खाली आले आणि प्रत्येक दरबारानंतर पुसत तैसे पुसते जाहले, "उपयोग झाला का गं?"

स्नेहल मोरीशी उभी होती. "कप विसळायला पडले, तेवढा झाला."

सर हसले. मग बाजरीची भाकरी आणि शेवग्याची आमटी जेविले, आणि दूरदर्शनवर बातम्या पाहिल्या, तेथे समुद्रापारच्या दरबाराने कोण्या युद्धाविषयी गंभीर चिंता व्यक्त केली होती, तेव्हा सर खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, बघ, बसलेत अजून. मग निजले. सकाळी स्नेहलने दोघांचे चहाचे आधण ठेविले आणि हाक मारिली, आणि पुन्हा हाक मारिली. आधण आटून गेले.

दशक्रियेस मंडळी रामकुंडावर गोदाघाटी जमली. पिंड मांडिले, आणि कावळा शिवेना. घाटावर कावळे बहुत, शेजारच्या पिंडांस शिवून तृप्त होत होते, परंतु सरांच्या पिंडाकडे पाहात आणि मग वीतभर सरकून बसत. चुलत्यांनी उठून म्हटले, दादा, गावच्या मारुतीला रंग देऊ. शिवला नाही. आत्याबाईंनी म्हटले, पोरीला एकटी टाकणार नाही. शिवला नाही. तेव्हा गोरक्षराव दबल्या आवाजात बोलिले, "सरांनी इतके उन्हाळे त्यांना हाकललंय. हा बहिष्कार आहे, दुसरं काही नाही." आणि मागे कोणी हसले, आणि स्नेहलही हसली, आणि मग तिचे तिलाच सोसेना.

आत्याबाई म्हणाल्या, "तू काहीतरी बोल गं. त्याचं काय राहिलं असेल ते तुलाच ठाऊक."

तिला ठाऊक होते. कप विसळता विसळता जे सांगावयाचे ते न सांगता दुसरेच सांगितले होते, आणि तो जाब तसाच राहिला होता. इतक्या मंडळींसमोर एवढी लहान गोष्ट कैसी बोलावी? अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून कार्य उरकिले. ऐशी त्या दिवशी शिकस्त जाहली.

महासचिवांचे पद रिकामे पडले आणि गच्चीवर अंदाधुंदी माजली. पाण्याची टाकी ओसंडून वाहिली आणि खडूच्या रेघा पुसल्या गेल्या. सीमा पुसताच चंद्रभागाबाईंच्या मिरच्यांनी पट्टी ओलांडून तळ ठोकिला. नवसाबाईंनी मिरच्या कोपऱ्यात लोटून गच्चीच्या दारास आपले कुलूप घातले. चंद्रभागाबाईंनी वर येऊन ते पाहिले आणि त्याचेच खाली आपले कुलूप घातले. दार एक, कुलपे दोन, किल्ल्या दोन वैऱ्यांच्या कमरेस, आणि भर वैशाखात गच्चीचे ऊन कोणाच्याच कामी येईना. त्याउपरि निर्बंध लागू जाहले. कोथिंबिरीची देवघेव थांबली. आणि मग नवसाबाईंनी ते केले जे या मुलखात वैऱ्याशीही कोणी करीत नाही, चंद्रभागाबाईंचा लोणच्याचा डबा घासून पुसून रिकामा परत पाठविला. शेजारच्या घरचे भांडे रिकामे परत जात नाही, निदान चिमूटभर साखर तरी त्यात जाते. रिकामा डबा म्हणजे वकिलात बंद. चंद्रभागाबाईंनी तो डबा दाराबाहेर, येणाराजाणाराने पाहावा ऐसा, मांडून ठेविला.

मग गोरक्षरावांनी दरबार बोलाविला. सरांच्या दिवाणखान्यात मंडळी आपापल्या खुर्च्यांवर बसली. सरांची खुर्ची रिकामी राहिली, तिजकडे कोणी पाहिले नाही. गोरक्षराव म्हणाले, "सर होते तोवर ठीक होतं. आता रोजची कटकट कोण सोसणार? गच्चीला कायमचं कुलूप घालू आणि संघ बंद करू."

आणि नवल ऐसे वर्तले की चंद्रभागाबाईंनी मान डोलाविली आणि नवसाबाईंनीही मान डोलाविली, आणि अमेरिकेतून राज यांचा अंगठा आला. वाऱ्याचा ठराव सोडता संघाच्या जन्मापासून दोघी प्रथमच एकमत जाहल्या, त्या संघ मोडण्यावर. गोरक्षराव स्वतःच्या ठरावास तटस्थ राहिले, सवयीने. उरला सरांच्या आसनाचा कौल, जो आता स्नेहलचा. तिने एक नाही म्हटले असते तर ठराव मेला असता. परंतु नाही कोणत्या तोंडाने म्हणावे? संघाने काही होत नाही हे तिचेच मत, बापासमोर कितीदा बोललेले. ते मत आता सर्वांचे जाहले होते, आणि सर्वांच्या तोंडी पाहून तिला ते आवडेना. तिने रविवारपर्यंत मुदत मागितली.

रविवारी सकाळी दारावर थाप पडली. बाहेर चंद्रभागाबाई, हाती झाकलेले पातेले.

"गहू भिजाडीसनी चीक काढेल शे," त्या म्हणाल्या. "यंदा तुमना घर काही करानं नही. मी करस तुन्हासाठे. कुरडई माले नीट येत नही, पन सरले आवडे ना."

येथे रिवाज सांगणे अगत्याचे. ज्या घरात माणूस गेले त्या घरी वर्षभर वाळवण घालीत नाहीत. त्या घरची चूल त्या कामी लावीत नाहीत. शेजारपाजार करून देतो, आणि दुःखाच्या घरास पुसत नाही, की काय आणू आणि किती आणू. बायका ते आपसात ठरवितात, एकीने पापड, एकीने कुरडया. परंतु यंदा वकिलाती बंद होत्या, सबब ठरविणार कोण? चंद्रभागाबाईंचे बोलणे संपते न संपते तो जिन्यात पावले वाजली, आणि नवसाबाई वर आल्या, त्यांच्याही हाती झाकलेले पातेले.

दोन्ही फौजा स्नेहलच्या उंबऱ्यापाशी समोरासमोर उभ्या ठाकल्या.

"तू गहू कसाले भिजाडात?" चंद्रभागाबाईंनी पुसले.

"मग काय तुमच्या हातच्या कुरडया सरांच्या घरी जाऊ देऊ? लय गाठी राहत्यात तुमच्या चिकाला."

"अन तुन्हा चिकमा मीठ समुद्रनं."

"मावशी, काकू," स्नेहल म्हणाली, आणि दार सताड उघडिले.

पेच मोठा होता. चीक वाट पाहात नाही, वैशाखात दुपारपर्यंत आंबून जातो. चीक शिजवावा तर स्नेहलची चूल वर्ज्य, चंद्रभागाबाईंच्या स्वयंपाकघरात नवसाबाई पाय ठेवणार नाहीत, आणि नवसाबाईंच्या घरी चंद्रभागाबाई. आणि शिजवून घालावा कोठे, तर गच्चीस दोन कुलपे. दोघी आवाज चढवू लागल्या. मग चंद्रभागाबाई मध्येच थांबल्या, आत आल्या, दिवाणखान्यातील खुर्च्यांच्या उतरंडीतून एक खुर्ची उपसली आणि नवसाबाईंपुढे सरकविली.

"पहिले बठ," त्या म्हणाल्या. "सर सांगेत ना, पहिले बठ, मंग बोल."

नवसाबाईंनी खुर्चीकडे पाहिले. मग ती उचलून खिडकीपाशी नेली, जेथे त्यांचे आसन इतकी वर्षे होते, आणि बसल्या. चंद्रभागाबाई आपल्या जागी, दाराशी, बसल्या. पातेली मांडीवर. स्नेहल न सांगता चहा टाकावयास गेली, आणि आतून तिने ऐकले की दोघी भांडत आहेत, परंतु बसून. दूध उतू जाता जाता राहिले.

चहा देऊन तिने हुकूम फर्माविला की तह तटस्थ मुलखात व्हावा. म्हणजे गोरक्षरावांच्या स्वयंपाकघरात.

गोरक्षराव पेपर वाचीत होते. दारात दोन पातेली, दोन वैरिणी आणि ग्रंथपाल पाहून त्यांनी पेपर खाली ठेविला आणि म्हणाले, "माझा याच्याशी काही संबंध नाही."

"म्हणूनच आलोय, काका," स्नेहल म्हणाली.

दोन्ही घरचा चीक एका मोठ्या पातेल्यात आला. आता कुरडईचा चीक हे एकटीचे काम नव्हे. एकीने उकळत्या पाण्यात धार सोडावी लागते आणि एकीने लाटण्याने न थांबता घाटावे लागते, हात थांबला की गाठ पडते. नवसाबाई ओतू लागल्या आणि चंद्रभागाबाई घाटू लागल्या, आणि दोघींच्या कपाळांत चार बोटांचेही अंतर राहिले नाही.

"हळू वत."

"हळूच ओतते. तुम्ही हात चालवा."

"गाठ पडनी ती देख."

"नाय पडली. तुमचा चष्मा पुसा."

मिठावर पुन्हा तंटा जाहला, आणि मग दोघींनी चमचा गोरक्षरावांपुढे धरिला. त्यांनी चव घेतली, आणि सर्वांच्या नजरा आपणावर पाहून घाम पुसला. "बरोबर आहे," ते म्हणाले.

"कोनं?"

"मिठाचं," गोरक्षराव म्हणाले, आणि हा त्यांचे हयातीतील पहिला कौल होय.

मग वाफाळते पातेले आणि कुरडयांचा सोऱ्या घेऊन फौज गच्चीकडे निघाली. दाराशी पुन्हा सारे थबकले. पहिले कुलूप काढील ती हरली. चीक निवू लागला. तेव्हा ऐसे ठरले की दोन्ही कुलपे एकदम काढावी, आणि आधी कोणी काढिले हे कोठेही लिहू नये. सबब लिहिले नाही.

दार उघडले. आत खुंटीस निळी टोपी होती. काठी कोपऱ्यात उभी. मग नवसाबाईंनी टोपी काढून, धूळ झटकून, स्नेहलच्या मस्तकी घातली, ती मोठी जाहली आणि कानांवर उतरली. "ऱ्हाऊ दे," चंद्रभागाबाई म्हणाल्या. स्नेहलने खडू मागविला, दोन रेघा ओढिल्या आणि मध्ये हातभर पट्टी राखिली, आणि त्या पट्टीवर, जेथे आजवर काही वाळले नाही, पंचे अंथरून सरांच्या घरच्या कुरडया पडू लागल्या. सोऱ्या जड, पूर्वी सरांच्या हाती असे. आज तिघींनी पाळीपाळीने दाबिला. कुरडया बहुत जाहल्या, दोन घरचा चीक तो, आणि मग पट्टीबाहेर इकडे आणि तिकडेही उतरल्या, आणि कोणी हरकत घेतली नाही. चंद्रभागाबाईंनी आपल्या मिरच्यांवर जुने लुगडे घातले आणि चारी कोपरे विटांनी दाबिले. हे आधीही करता आले असते, ऐसे कोणी बोलिले नाही.

गोरक्षरावांनी घसा साफ करून पुसले, "मग त्या ठरावाचं काय करायचं?"

"माझा नकार," स्नेहल म्हणाली.

ठराव जागीच मेला. राज यांचा अंगठा अमेरिकेत उभाच राहिला.

येणेप्रमाणे इंदिरानगर परगण्यात वैशाखमासी संयुक्त बिऱ्हाडसंघाची फत्ते जाहली. दोन्ही कुलपे निघाली आणि गोरक्षरावांच्या फ्रिजवर जमा जाहली, रेघा पूर्ववत जाहल्या, मधली पट्टी वर्षभर दुःखाच्या घरास इनाम मिळाली, चंद्रभागाबाईंचा दाराबाहेरचा रिकामा डबा नवसाबाईंनी उचलून नेला आणि गुळाच्या खड्यासह परत पाठविला, आणि वाऱ्याविषयीची गंभीर चिंता कायम ठेविली. मनुष्यहानी नाही. जखमी एक, नवसाबाईंच्या बोटास वाफ लागली, त्यास तूप चंद्रभागाबाईंनी लाविले आणि लाविताना चार शब्द सुनाविले.

मग दोघी जेवावयास खाली गेल्या, जिन्यात मिठाविषयी बोलत. स्नेहल एकटी चौकीवर राहिली. ऊन माथ्यावर आले. तेवढ्यात टाकीवरून एक कावळा उतरला आणि काठीच्या लांबीपलीकडे वीतभर बसला, आणि तिरकी मान करून टोपीकडे पाहता जाहला. मग उडी घेऊन पट्टीवर आला आणि काठाची एक ओली कुरडई चोचीत धरिली. काठी तिच्या हाती होती. तिने उगारिली नाही. आणि मग जे मोरीशी उभे राहून बोलिली नव्हती, आणि रामकुंडावर मंडळींसमोर बोलवले नव्हते, ते भर दुपारी, ऐकू जाईल ऐसे, बोलिली:

"झाला, नाना. उपयोग झाला."